वहिनीच्या टिकल्या, माझी खुर्ची

आधी हे ऐका, मग बाकीचं काय ते. गॅसवर दूध ठेवलंय, ते उतू गेलं तरी मी आत्ता हलणार नाही, कारण हे ह्याच मिनिटाला कुणाला तरी सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही. आमची वहिनी आत्ता माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर, माझं पुस्तक वाचत हसतीये. एकटीच, मोठ्यानं. आणि मी इथं ओट्याला टेकून दोन्ही अंगठ्यांनी धडाधड टाईप करतीये आणि आतून नुसती जळतीये.

पण असं मधूनच सांगून तुम्हाला काय कळणार. पहिल्यापासून सांगते.

आमच्या घरात वाचणारी म्हणजे मी. हे ठरलेलंच होतं. दादा मोबाईलवर क्रिकेट बघणारा, मम्मी मालिका बघत भाजी निवडणारी, पप्पा चिकलठाण्याच्या कंपनीत मशीनवर, आणि मी वाचणारी. पाहुणे आले की मम्मी सांगायची, "हिला कागद दिसला की संपलं. शेंगदाण्याची पुडी आणली तर आधी पुडी वाचती, मग शेंगदाणे खाती." पाहुणे हसायचे आणि मला लई भारी वाटायचं.

काय वाचायचे मी? सगळंच. आकाशातले तारे, जुनी नाणी, शेअर बाजार, माणसं खोटं बोलताना कुठं बघतात ते, जपानमधली बाग कशी करतात ते. पलंगावर पुस्तकं पसरलेली, मी मधे आडवी, पाय वर भिंतीला लावलेले. ह्यातलं थोडं, त्यातलं थोडं. बी.ए. झाल्यावर मी जर्मनचा क्लास लावला आणि सोडला. मग डिझाईनचा कोर्स, तो अर्धा राहिला. मग वाटलं मानसशास्त्रात एम.ए. करावं, मग वाटलं इतिहास जास्त चांगला. पप्पांना सांगायला गेले की पप्पा एकच विचारायचे.

"कर की. पण कशासाठी ते सांग."

"आवडतं म्हणून."

"मागच्या महिन्यात दुसरंच आवडत होतं."

ह्याच्यावर मला कधीच उत्तर आलं नाही. पण मी मनाला लावून घ्यायचे नाही, कारण माझ्याकडं खुर्ची होती.

खुर्चीचं सांगायलाच पाहिजे. पप्पांची पहिली पाळी असली की ते दुपारी घरी येतात. दिवसभर मशीनकडं बघून त्यांचे डोळे चुरचुरतात. मग तोंड धुवून, जरा टेकून, पाचच्या सुमाराला ते गॅलरीत बसतात, चहा आणि खारी घेऊन. गॅलरीत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एक त्यांची, एक माझी. मी चौथीत असल्यापासून त्या खुर्चीवर बसून पप्पांना पेपर वाचून दाखवते. दादाला एकदा बसवलं होतं, पण तो मधली मधली वाक्यं खायचा. मी एक शब्द सोडायचे नाही. वरच्या तारखेपासून सुरू करायचे ते खालच्या निविदा सूचनेपर्यंत. पप्पा डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं, ह्या घरात मला जर कुणी मनापासून ऐकत असेल तर ते पप्पा.

मग मे महिन्यात दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

वहिनीचं माहेर दौलताबादचं, किल्ल्याच्या खालीच. तिच्या आईवडलांची छोटी बाग आहे आणि रस्त्याकडेला फळांचा ठेला. एरवी पेरू, आणि हंगामात सीताफळं. किल्ला बघायला येणारी माणसं हे त्यांचं गिऱ्हाईक. वहिनी बारावी करून थांबलेली, बारावीपर्यंत शाळा सुटली की ठेल्यावर. तिच्या बॅगा लावायला मी मदत केली ती काही चांगुलपणानं नाही, मला बघायचं होतं आत काय आहे. साड्या निघाल्या, मसाल्याचे डबे निघाले, टिकल्यांची पाकिटं निघाली. पुस्तक एक पण नाही. मी समाधानानं बॅगेची चेन लावली.

पहिल्या आठवड्यात ती मला चहा द्यायला खोलीत आली आणि दारातच उभी राहिली. मी नेहमीसारखी आडवी, पाय भिंतीला, छातीवर एक पुस्तक आणि उशाला दोन. ती बघतच राहिली. मला वाटलं, हिला पसारा आवडला नाही.

"काय वाचताय ताई?"

"काही नाही, असंच."

तिनं कप ठेवला आणि गेली. हे लक्षात ठेवा, मला पण उशिराच लक्षात आलं.

थोड्या दिवसांनी ती म्हणाली, "ताई, तुम्ही वाचनालयात जाता ना, मला बी न्या की." मी तिला औरंगपुऱ्यातल्या आमच्या जुन्या वाचनालयात घेऊन गेले. तिथं काउंटरला एक काका असतात. मी शाळेपासून तिथं जाते, पण हे काका माझ्यासाठी खुर्चीवरून कधी उठले नाहीत. काही विचारलं की नुसतं बोट करणार, "उधर देख, डावीकडं."

मी वहिनीला म्हणणार होते की आधी कादंबऱ्यांचं कपाट बघू, तोपर्यंत ती सरळ काउंटरला गेली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "काका, सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. का होतो, अन् कसा नाय होणार, ते कोणत्या पुस्तकात असंल?"

काकांनी चष्मा काढला. "क्या बोली? परत बोल बेटा."

ती परत बोलली. आणि काका उठले. स्वतः स्टूल ओढलं, स्वतः त्याच्यावर चढले, वरच्या फळीवरचं धूळ खाल्लेलं एक जाडजूड पुस्तक काढलं, फळांवर प्रक्रिया कशी करायची त्याचं, कॉलेजात शिकवतात तसलं. फडक्यानं पुसून तिच्या हातात दिलं आणि वर माझ्याकडं बघून म्हणाले, "इतने साल झाले, लोक येतात अन् विचारतात नया काय आलंय. सवाल घेऊन कुणी येत नाही."

मी रोज विचारायचे, नवीन काय आलंय.

रिक्षात माझ्या मांडीवर चार पुस्तकं आणि तिच्या मांडीवर एक. मी विचारलं, "बाकी काहीच नाही घेतलं वहिनी?"

"एवढंच पायजे होतं ना ताई."

मग तिनं मला सांगितलं की त्यांच्याकडं दर हंगामात सीताफळं एकदमच पिकतात. सकाळी कडक असलेलं फळ संध्याकाळी फुटतं. फुटलेलं कुणी घेत नाही, शेळ्यांना टाकावं लागतं. गर काढून टिकवावा म्हणून तिनं एकदा चुलीवर आटवून बघितला तर कडू झाला. "सगळे म्हणतात होतंय तसं. पण का होतंय ते कुणी सांगत नाय." एवढं बोलून ती बाहेर बघायला लागली. माझ्याकडं चार पुस्तकं होती आणि चारांतल्या एकाला पण मी काही विचारलेलं नव्हतं.

तरी मी स्वतःला म्हटलं, जाऊ दे, एक पुस्तक आणलंय, परत करायला पण तीच विसरेल.

मग खुर्चीचं झालं. त्या दिवशी मी एका कोर्सच्या फुकट पहिल्या तासाला गेले होते. कसला कोर्स ते पण आता आठवत नाही, आणि यायला उशीर झाला. दार उघडं होतं. मी चप्पल काढता काढता आवाज ऐकला. वहिनी गॅलरीच्या उंबऱ्यावर खाली बसलेली, मांडीवर पेपर. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते.

"मामा, आज काय पायजे?"

"कापसाचा भाव बघ बरं. अन् आपल्याकडं पाणी कधी यायचंय ते."

कापूस आमच्या गंगापूरच्या शेतातला, माझे चुलते बघतात तो. वहिनीनं पानं उलटली, बोट फिरवलं. "कापूस थोडा वर गेलाय. पण व्यापारी म्हणतात आठवडाभर थांबा. पाणी परवा, पण सकाळी नाय, दुपारून."

"झालं?"

"झालं मामा. दुसरं काय पायजे असंल तर बघते."

पप्पांनी चहाचा घोट घेतला. मग त्यांनी पायानं माझी खुर्ची ओढली, असं अंगठ्यानं खुर्चीचा पाय धरून, आणि तिच्याकडं सरकवली. "तिथं खाली कशाला बसली. वर बस."

माझी एक चप्पल पायात होती आणि एक हातात. मी तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी चहा व्हायच्या आधीच खुर्चीवर जाऊन बसले, पेपर उघडून. तारीख वाचली, वार वाचला, हवामान वाचायला घेतलं. पप्पा म्हणाले, "अगं, तू चांगलं वाचती. पण तिचं कसं, विचारलं तेवढं सांगून मोकळी." आणि मागं बघून म्हणाले, "कुठंय ती?"

तुम्ही म्हणाल पेपरच तर आहे. पण माझ्याकडं दुसरं होतं काय? कोर्स एक पूर्ण नाही, नोकरी नाही, काय शिकायचं ते ठरलेलं नाही. ह्या घरात मी कोण, तर वाचणारी. ते पण गेलं तर मग मी नुसतीच पलंगावर पडलेली एक मुलगी.

म्हणून मी ठरवलं की तिचं पुस्तक मी तिच्या आधी वाचायचं.

दुपारी ती आणि मम्मी झाकपाक करून टेकल्या की मी हळूच तिच्या कपाटावरून ते पुस्तक काढायचे. वहिनी खूण म्हणून टिकली लावायची. खरंच, मरून रंगाची बारकी टिकली, पानाच्या कडेला. पुस्तकाला दुमडायचं नाही, पेनानं लिहायचं नाही, म्हणून टिकली. मी सरळ हिशोब लावला की टिकली जिथं, तिथपर्यंत तिचं वाचून झालं. मग मी पहिल्या पानापासून टिकलीपर्यंत वाचायचे आणि वर थोडं पुढं जायचे, म्हणजे मी कायम पुढं.

आणि काय काय वाचलं मी. मुरंबा का घट्ट होतो. टोमॅटोची चटणी बाटलीत भरताना बाटली कधी गरम पाहिजे. लोणच्यात मीठ किती असलं म्हणजे बुरशी येत नाही. आंब्याची पोळी कुठल्या उन्हात वाळवायची. मला साधा चहा नीट जमत नाही, पण फणस डबाबंद कसा करतात ते मी झोपेत सांगितलं असतं.

जेवायला बसलो की मी संधी बघायचे. एकदा वहिनीनं लोणचं वाढलं तर मी म्हटलं, "ह्यात मीठ कमी वाटतंय. प्रमाण चुकलं की बुरशी येते."

मम्मीनं भाकरी मोडता मोडता माझ्याकडं बघितलं. "बरं झालं बाई सांगितलं. मग पुढच्या वर्षीचं लोणचं तूच घाल. कैऱ्या पण तूच फोड."

दादा खो खो हसला. वहिनी हसली नाही. ती म्हणाली, "व्हय का ताई? मिठाचं असं असतंय? मला नव्हतं माहीत."

ह्याचाच मला जास्त राग आला. माझ्या हिशोबानं ते पान तिनं आठवड्यापूर्वीच वाचलेलं होतं. मग हे नाटक कशाला? मला वाटलं, ही लई पोचलेली आहे, मला चढवून बघतीये.

आणि टिकल्या तर अशा पळायच्या की विचारू नका. एक दिवस पुढं, दुसऱ्या दिवशी एकदम शेवटाकडं, मग परत मधे एक नवीन. मी म्हणायचे, ही बाई घरातलं सगळं काम करून एका दुपारीत एवढी पानं वाचते कशी? मग मी अजून जोरात वाचायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. पावसाळा सगळा त्या पुस्तकात गेला. वाचनालयातून मुदत वाढवून आणायला पण मीच जायचे, वहिनीला मदत म्हणून. काका विचारायचे, "सवालवाली बेटी कैसी आहे?"

दसऱ्याच्या आसपास दौलताबादची सीताफळं भरात आली. वहिनीच्या वडलांचा फोन आला. स्पीकरवर होता, मी पण ऐकला. "एक पाटी सीताफळं देतो तुला. जमलं तर पुढच्या वर्षी बघू. नाय जमलं तर हा नाद सोडायचा, अन् परत ह्याचं नाव काढायचं नाय." वहिनी फक्त "व्हय अण्णा" म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिनं बराच वेळ एकच पातेलं घासलं.

दादाला सुट्टी नव्हती. मी म्हटलं, मी येते. मम्मीला माझं कौतुक वाटलं. मला ते फसलेलं बघायचं होतं.

एसटीनं गेलो. उकाडा मरणाचा, घामानं पाठी सीटला चिकटलेल्या, आणि पुस्तक वहिनीच्या कापडी पिशवीत, पाण्याच्या गार बाटलीला लागून. ठेल्यावर पोचलो तर तिची आई गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होती आणि वडलांनी खरंच एक पाटी बाजूला काढून ठेवलेली, वर ओलं पोतं टाकून. दोन पातेली, लिंबं, चाळण, सगळं मांडलेलं. बाजूला थर्माकोलचा डबा, शेजारच्या पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याकडून बर्फ आणून भरलेला. म्हणजे वर वर ते काही बोलले तरी तयारी केली होती त्यांनी.

"हां, दाव आता," वडील म्हणाले. "काय लिवलंय तुझ्या पुस्तकात?"

वहिनीनं पुस्तक काढलं. उघडलं. परत उघडलं. एक पण टिकली नव्हती. बाटलीच्या ओलीनं सगळ्या टिकल्यांचा गोंद सुटलेला, त्या पिशवीच्या तळाला पडलेल्या, मसुरीच्या डाळीसारख्या. वहिनी भराभर पानं उलटायला लागली. "इथंच होतं," म्हणाली. मग मागं गेली. मग पुढं. तिच्या नाकावर घाम आला.

"गर तापवायचा नाय, हे माझ्या ध्यानात हाय अण्णा. पण लिंबू किती, अन् गार किती वेळात करायचा ते नेमकं पायजे. थांबा."

"थांबतो की. सीताफळं थांबणारेत का?"

आईनं तिकडून आवाज दिला, "सापडंना व्हय? मग कशासाठी वागवतीस ते एवढं ओझं?"

वहिनी एका पानावर थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, गोंधळून. "ताई, हे मिठाचं, लोणच्याचं, हे बी ह्याच पुस्तकात हाय? हे मी बघितलंच नव्हतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टिकली म्हणजे वाचून झालेली जागा नव्हतीच. टिकली म्हणजे तिला पाहिजे ती जागा. तिनं पुस्तकातली तेवढीच टिकलीची पानं वाचली होती, परत परत. बाकीचं सगळं, मुरंबा, फणस, टोमॅटो, मी एकटीनं वाचलं होतं. मी अख्खा पावसाळा जिच्याशी शर्यत लावली ती शर्यतीत नव्हतीच.

मी गप्प बसू शकले असते. पण तिचा तो नाकावरचा घाम बघवला नाही, आणि खरं सांगू, मला माहीत असलेलं सांगितल्याशिवाय राहवत पण नाही.

"वहिनी, फळांच्या भागात नाही ते. गोठवून साठवायच्या भागात आहे. शेवटून मागं या. अजून. डाव्या पानावर, खाली, मटाराच्या चित्राच्या वर."

तिनं उलटलं. होतं.

तिची आई गिऱ्हाईक सोडून आली. "तू बी वाचलंस हे? सगळं?"

"हो."

"कशासाठी गं?"

काय सांगणार होते मी? तुमच्या पोरीच्या पुढं जायला? मी म्हटलं, "असंच."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग हसली, आणि एक मोठं पिकलेलं सीताफळ फोडून माझ्या हातात ठेवलं. "बरंय बाई. खा."

मग आम्ही कामाला लागलो. बिया न चिरडता गर काढायचा, सालीलगतचा रवाळ भाग घ्यायचा नाही, लिंबू पिळायचं, डब्या भरून लगेच बर्फात. वहिनीनं मुद्दाम थोडा गर पातेल्यात तापवून वडलांना चाखायला दिला. त्यांनी तो थुंकला. मग बर्फातला दिला. त्यांनी चमचा चाटला आणि परत पुढं केला. निघताना डबा एसटीपर्यंत स्वतः उचलून आणून दिला.

परतताना वहिनी खिडकीपाशी, मी शेजारी, डबा दोघींच्या पायाशी. ती डब्याचं थर्माकोल नखानं टोकरत होती. मला वाटलं, मी सगळ्यांसमोर पान सांगितलं ते तिला झोंबलं असणार. मला थोडं बरं पण वाटत होतं.

मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही आईला 'असंच' म्हणले."

"मग?"

"अन् आई हसली. सीताफळ दिलं."

"मग काय झालं वहिनी?"

"मी असंच म्हणले असते ना, तर पुस्तक चुलीत गेलं असतं."

तिनं सांगितलं की ठेल्यावर तिच्या हातात पुस्तक दिसलं की आईचा पहिला शब्द हाच, कशासाठी? कारण द्यायचं. कारण पटलं तर गिऱ्हाईक येईपर्यंत वाचायचं, आणि संध्याकाळी काय मिळालं ते घरच्यांना सांगायचं, कामाचं. काही मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद. "मग मी आधी प्रश्न शोधायची, मग पुस्तक. प्रश्न म्हंजे माझा पास होता. आता सवय लागली. कारण नसताना पान उलटलं की छातीत धडधडतंय, आता कोणतरी विचारंल."

मी पायाशी सरकलेला डबा सरळ केला.

"आल्यापास्नं मला तुमचा लई राग येतो ताई. खरं सांगते. तुम्ही पलंगावर आडव्या, पाय भिंतीला, कायबी वाचता. मी त्या दिवशी चहा घेऊन आले तर म्हणता, असंच. मला वाटलं कप उशीवर ओतावा."

"पप्पा मला पण विचारतात की, कशासाठी."

"मामा कोर्सचं विचारतात. पुस्तकाचं नाय विचारत कधी."

आता कुणी तरी माझ्यावर जळतंय म्हटल्यावर मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला पण, असा क्षणभर. पण लगेच मला तिच्या जळण्याचा पण हेवा वाटला. तिच्या जळण्याला सुद्धा केवढं कारण होतं. माझ्या जळण्याला काय होतं, एक प्लॅस्टिकची खुर्ची.

त्या डब्या आमच्या फ्रीजरमध्ये राहिल्या. दिवाळी झाली, बाजारातली सीताफळं संपली, आणि मग एका रविवारी मम्मीनं त्या गराची बासुंदी केली. दौलताबादहून अण्णा आणि तिची आई आले होते. अण्णांनी दोन वाट्या घेतल्या आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी पाटी नाय, अर्धी बाग देतो. पण फ्रीजरचं तू बघ." वहिनी लगेच वाचनालयात निघाली, फ्रीजरचा प्रश्न घेऊन. काका परत स्टूलावर चढले असणार. मी गेले नाही सोबत.

आणि आता आजचं. दुपारी वहिनी माझ्या दारात उभी राहिली, तशीच, पहिल्या वेळेसारखी. पण हातात कप नव्हता.

"ताई, एक पुस्तक द्या."

"कशाबद्दल?" माझ्या तोंडून निघून गेलं, अगदी तिच्या आईसारखं.

तिनं पदराला हात पुसला. "कशाबद्दल नाय. असंच."

मी ढिगातनं एक काढून दिलं. गोष्टींचं होतं, मी अर्ध्यात सोडलेलं. ती पलंगाच्या कडेला बसली. मग मागं सरकली. मग आडवी झाली. पाय आधी खाली लोंबत ठेवले, दाराकडं एकदा बघितलं, आणि मग हळूच भिंतीला लावले. मी उठून बाहेर आले, कारण ते बघत बसणं बरं दिसलं नसतं.

पाच वाजले. ती काही उठली नाही. गॅलरीत पप्पा, चहा, खारी, आणि माझी खुर्ची रिकामी. मी बसले. पेपर घेतला, आणि ह्या वेळी शहाण्यासारखं विचारलं, वहिनी विचारते तसं.

"पप्पा, आज काय पाहिजे?"

"काय नाय. तू आपलं वरून वाच. तारखेपास्नं."

"सगळं?"

"सगळं. तिनं वाचलं की डोकं चालू होतं बघ, कापूस विकावा का ठेवावा. तुझ्या आवाजात कसा मस्त डोळा लागायचा. किती महिने झाले, संध्याकाळची झोप नाय."

म्हणजे इतकी वर्षं ते ऐकत नव्हते. झोपत होते. माझी खुर्ची मला परत मिळाली ती अशी. मी तारीख वाचली, वार वाचला, हवामान वाचलं, आणि निविदा सूचना येईपर्यंत पप्पा घोरायला लागले. मला रडावं का हसावं कळेना. पण मी वाचत राहिले, आवाज जरा खाली आणून, त्यांची झोप मोडू नये म्हणून.

आणि तेवढ्यात खोलीतून वहिनी हसली.

मी पळत गेले. "काय झालं?"

"काय नाय ताई." डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलेली.

"कुठल्या पानावर?"

"वाचा की तुम्ही."

मी तिच्या हातातलं पुस्तक जरा वाकवून बघितलं. एक टिकली नाही. अख्ख्या पुस्तकाला एक टिकली लावलेली नाही तिनं. आणि मी येऊन इथं हे लिहायला लागले तर आतून परत हसली.

ते पुस्तक माझं आहे. मी ते अर्धं वाचलंय, आणि मला त्यात हसायला काहीच सापडलं नव्हतं. कोर्सचं माझं अजून काही ठरलेलं नाही, पण तिनं ते खाली ठेवलं की मी ते पहिल्या पानापासून वाचणार आहे, आणि पप्पांनी विचारलं कशासाठी, तर आज पहिल्यांदाच माझ्याकडं उत्तर आहे. वहिनी कुठं हसली ते शोधायला.

दूध गेलं उतू. मम्मीचा आवाज आला, गॅस बंद करते. पण तुम्ही सांगा, तुमच्या घरात आहे का असं कुणी, ज्याचं हसणं ऐकून तुम्हाला तुमचंच टाकून दिलेलं पुस्तक परत हिसकावून घ्यावंसं वाटलं? का ही मीच एकटी?